गांडुळं भिंतीवर चढतात तेव्हा

ताईने हौदातला मूठभर ओला चुरा उचलला, घट्ट दाबला आणि मूठ डोळ्यांसमोर धरली. बोटांच्या फटीतून पाण्याचा एकच थेंब आला, करंगळीपाशी थांबला, पडला नाही. तिने मान हलवली. याहून जास्त पाणी आलं असतं तर हौदात चिखल झाला असता. आलंच नसतं तर गांडुळांची कातडी सुकली असती. तिने चुरा परत ठेवला, वर भिजलेलं गोणपाट पसरलं आणि अंथरूण घालावं तशा त्याच्या कडा आत खोचल्या.

"झोपली का?" मागून कोणीतरी विचारलं.

"ती काम करतायत," ताई म्हणाली. "तू चाळणी हलव."

शाळेच्या इमारतीमागे, कुंपणाच्या बुटक्या भिंतीला लागून तिचा हा कोपरा होता. विटांचा हौद, त्यावर बांबूंना ताणून बांधलेली हिरवी जाळी, एक झारी, सालींची बादली. जाळीची सावली हौदापुरतीच पडायची. जाळीबाहेर, उघड्या मैदानावर, सातवीतली मुलं तयार खत चाळत होती. तारेची मोठी चौकट दोघांनी धरून हलवायची, तिसऱ्याने घमेल्याने खत ओतायचं, बाकीच्यांनी वर राहिलेल्या काड्या नि टरफलं वेचायची. मधली सुट्टी चालू होती आणि ऊन थेट डोक्यावर होतं.

ताई स्वतः नववीत होती. शाळेत वर्षभर एक उपक्रम चालला होता: वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्या वर्गाला शिकवायचं. कचरा, पाणी, वीज, काम, असे विषय होते. ताईच्या वाट्याला कचरा आला आणि तिने तो इतका मनावर घेतला, की सातवीत तिचं नाव गांडूळताई पडलं. तोंडावर मात्र सगळे नुसतं ताई म्हणत.

"पैलवान, गोणपाट उचलू नकोस. त्यांना ऊन सोसत नाही."

पैलवान हा वर्गातला सगळ्यांत काटकुळा मुलगा. त्याने गोणपाट सोडलं आणि बाहीने कपाळ पुसलं.

"मलाही नाही सोसत."

"तुला कातडीतून श्वास घ्यायचा नसतो."

तो परत चाळणीकडे गेला.

तेवढ्यात शिपाईमामा हातात फक्कीचा डबा घेऊन आले. त्यांनी भिंतीपासून पावलं टाकली, मान तिरकी करून अंदाज घेतला आणि हौदाच्या पुढून जमिनीवर पांढरी रेघ ओढली.

"मामा, अजून काही ठरलं नाहीये," ताई म्हणाली.

"रेघ मारायला काय जातंय? पुसता येते."

"किती गाड्या बसतील?" टरफलं वेचणाऱ्या मुलीने विचारलं. ही वकील. तिला प्रत्येक गोष्टीत विचारण्यासारखं काहीतरी सापडायचं.

"तुम्ही नि तुमचे किडे हललात, तर सगळ्या बाईंच्या बसतील."

"ते किडे नाहीत, मामा," ताईने सांगितलं.

"बरं. त्यांना नमस्कार सांग."

शिक्षकांच्या गाड्यांना जागा हवी होती, आणि मोठ्या बाईंच्या मनात हाच कोपरा भरला होता. ताईने हात जोडून मुदत मागितली तेव्हा त्यांनी अट घातली होती. शुक्रवारी उपक्रम बघायला वरच्या कार्यालयातून एक पाहुण्या बाई येणार होत्या. त्या येतील तेव्हा शाळेच्या मुख्य जिन्यावर, खालपासून वरपर्यंत, प्रत्येक पायरीवर खताची एक भरलेली पिशवी दिसली पाहिजे. दिसली, तर कोपरा ताईचा. नाहीतर गाड्यांचा.

आज सोमवार होता. पिशव्या पहिल्या दोन पायऱ्यांपुरत्याच झाल्या होत्या.

घंटा झाली. मुलं हात धुवायला पुढच्या नळाकडे पळाली. तो नळ इमारतीच्या दुसऱ्या टोकाला होता. हात धुऊन होईपर्यंत पुढचा तास सुरू व्हायचा. वर्गातल्या बाकांखाली डबे तसेच बंद राहिले. ताईचाही राहिला, पण तिचा तर रोजच राहायचा.

वर्गाच्या दाराशी विज्ञानाच्या बाईंनी तिला अडवलं.

"आज शेवटच्या तासाला सातवीला तू शिकव. 'सन्मानाचं काम' हा विषय आहे."

"तो दहावीतल्या दादाकडे होता ना?"

"त्याला गालगुंड झालंय. गाल बघितलेस का त्याचे? शब्द बाहेर पडायला जागा नाही."

"पण बाई, मला गांडुळांशिवाय काही येत नाही."

"मग गांडुळांपासून सुरू कर," बाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण उघडत शिक्षकांच्या खोलीत शिरल्या.

ताईने ते शब्दशः घेतलं. शेवटच्या तासाला ती एका पसरट भांड्यात थोडा चुरा नि दहाबारा गांडुळं घेऊन वर्गात आली आणि भांडं पुढच्या बाकावर ठेवलं.

"काम करणाऱ्याला काय काय लागतं?"

"पगार," वकील म्हणाली.

"याला कुठे पगार असतो?"

"साली मिळतात की."

"बरं, साली. अजून?"

सावली, एकजण म्हणाला. ओल. हवा. मग पैलवानाने हात वर केला.

"एकदम जास्त काम नको. मागे एकदा मी बादलीभर साली ओतल्या होत्या, तर हौद तापला होता."

"बरोबर. तापला, कारण तेवढं सगळं एकदम कुजायला लागलं. मग गांडुळं काय करतात?"

"मरतात."

"मरायच्या आधी?"

कोणाला माहीत नव्हतं. ताईने भांडं थोडं तिरकं केलं, सगळ्यांना कडा दिसावी म्हणून.

"आधी ती कडेला येतात. मग भिंतीवर चढतात. गांडुळाला आवाज नसतो, ते तक्रार करू शकत नाही. म्हणून ती भिंतीवर दिसली, की आपण ओरडायचं नाही. उचलून परत आतही टाकायचं नाही. आत काय बिघडलंय ते आधी शोधायचं."

दुसऱ्या बाकावरून एक पेन्सिल वर झाली. तिच्या खाली मुंगी होती. वर्गातली सगळ्यांत लहान मुलगी. आठवडेच्या आठवडे तिचा आवाज ऐकू यायचा नाही.

"सगळी एकदम चढतात," तिने विचारलं, "की एकेक?"

ताईला प्रश्न आवडला. "आधी एकेक. मग सगळी."

मुंगीने ते लिहून घेतलं.

त्यानंतर माणसांची पाळी आली आणि वर्गाला तोंड फुटलं. कोणाचे काका बस चालवत होते आणि पाणी पीत नव्हते, कारण मध्ये कुठे थांबायची सोय नव्हती. कोणाची मावशी इस्त्रीच्या दुकानात वाफेत उभी असायची. मुंगीचे बाबा कपड्यांच्या दुकानात दिवसभर गठ्ठे उतरवत. ताईने फळ्यावर लिहिलं: सावली. पाणी. विश्रांती. झेपेल एवढं काम. त्रास होत असेल तर सांगता आलं पाहिजे, आणि सांगितल्यावर ऐकणारं कोणी पाहिजे. शेवटी तिने घरचा अभ्यास दिला.

"तुमच्या ओळखीचं एखादं काम बघा. यातलं तिथे काय आहे आणि काय नाही, ते शोधून या."

तास चांगला झाला. भांडं हौदात रिकामं करताना ती गुणगुणत होती.

मंगळवारी मधल्या सुट्टीत ती धावतच कोपऱ्यावर आली, तर चाळणी आडवी पडलेली. जवळ कोणी नव्हतं. फक्त कुंपणाच्या भिंतीवर मुंगी बसली होती, पाय खाली सोडून, मांडीवर डबा घेऊन.

"बाकीचे कुठे आहेत?"

मुंगीने खांदे उडवले. ताई सालींची बादली आणायला गेली. परत आली तेव्हा भिंतीवर पैलवान होता, वकील होती, चाळणी धरणारे दोघे होते, आणि बाकीचे एकमेकांना हात देत वर चढत होते. सगळ्यांकडे डबे होते.

"उतरा खाली. पडाल."

"रुंद आहे भिंत," वकील म्हणाली. "आम्ही बघितलंय आधी."

"हे काय चाललंय?"

सगळ्यांनी मुंगीकडे पाहिलं. मुंगीने तोंडातला घास संपवला.

"आम्ही भिंतीवर चढलोय, ताई."

"ते दिसतंय मला."

"तूच म्हणालीस, ओरडायचं नाही."

"मी ओरडत नाहीये," ताई ओरडली.

"आणि उचलून आतही टाकायचं नाही," पैलवान घाईघाईने म्हणाला. उचलायचं झालं तर पहिला नंबर आपला लागणार, हे त्याला ठाऊक होतं.

ताईने बादली खाली ठेवली. कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं तिला जाणवलं.

"घरचा अभ्यास केलाय आम्ही," वकील म्हणाली. "ओळखीचं काम बघा म्हणालीस. आम्हाला हेच जास्त ओळखीचं होतं. तर गांडुळांना जाळी आहे, आम्हाला नाही. गांडुळांना झारीने पाणी. आमचा नळ तिकडे, पार पुढे. गांडुळांना झेपेल एवढंच खायला देतेस. आम्हाला खायलाच मिळत नाही."

"तुम्ही माझ्यासाठी करताय का हे? हे सगळ्यांचं आहे. पृथ्वीचं काम आहे."

"माझ्या बाबांचे मालक पण असंच म्हणतात," मुंगी म्हणाली. तिच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, ती फक्त माहिती देत होती. "दुकान तुमचंच आहे म्हणतात. किल्ली त्यांच्याकडे असते."

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"शुक्रवारी जिना रिकामा दिसला तर हा कोपरा जाईल," ताई म्हणाली. "मग बसा, हव्या तेवढ्या सावलीत."

"ते आम्हालाही नकोय," वकील म्हणाली. तिने खाली बघितलं, पण ती उतरली नाही. कोणीच उतरलं नाही.

ताईने चाळणीची एक कड हौदावर टेकवली, दुसरी हातात धरली आणि एकटीच हलवायला लागली. खत एका बाजूला घसरत होतं. घमेलं उचलायचं तर चाळणी सोडावी लागत होती. थोड्याच वेळात घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरला आणि डोळा चुरचुरला. हात मातीचे, त्यामुळे पुसताही येईना. घसा कोरडा पडला. तिने नळाच्या दिशेने पाहिलं. इतके दिवस तो इतका लांब आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. भिंतीवरून डब्यांची झाकणं उघडल्या-लावल्याचे आवाज येत होते.

घंटा झाली तेव्हा अर्धी पिशवीही भरली नव्हती.

संध्याकाळी आई कामावरून आली, चप्पल काढली आणि ओट्याशी उभी राहूनच पाणी प्यायली. ती बिस्किटांच्या कारखान्यात होती, सरकत्या पट्ट्यावरून येणारे पुडे खोक्यांत भरायच्या कामावर. ताईने नेहमीप्रमाणे तिच्या पिशवीतला डबा काढला, आपलाही काढला आणि दोन्ही ओट्यावर शेजारी ठेवले. दोन्ही जड होते.

"तुझा का राहिला?" आईने विचारलं.

"तुझा का राहिला?"

"मी आधी विचारलं."

ताईने सगळं सांगितलं. गालगुंड, भांड्यातली गांडुळं, मुंगीची पेन्सिल. भिंतीपर्यंत आली तेव्हा आईने पेला खाली ठेवला.

"भिंतीवर? सगळी पोरं?"

"सगळी. डबे घेऊन."

आई हसायला लागली. हसता हसता तिने ओट्याचा आधार घेतला, मग डोळ्यांना पदर लावला. ताई आधी रुसली, मग तिलाही हसू आवरेना.

"हसू नकोस गं. माझा कोपरा जाणारे."

"हसत नाहीये. हुशार आहेत तुझी पोरं. कोणी शिकवलं त्यांना?"

"मीच."

"मग भोग आपल्या कर्माची फळं." आई वाकून पोटऱ्या दाबायला लागली. दिवसभर उभं राहिलं की तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. "आमच्याकडच्या भिंती उंच आहेत बाई. नाहीतर आम्हीही चढलो असतो."

"तुमच्याकडे बसायला काहीच नाही?"

"आहे की. एक स्टूल आहे. त्यावर सुपरवायझरबाईंची पिशवी असते."

"दिवसभर?"

"दिवसभर. पिशवीला फार दमायला होतं."

हेही तिने हसतच म्हटलं आणि डब्यातलं अन्न तसंच उभ्याने खाऊ लागली. ताई तिच्या टाचांकडे बघत राहिली.

बुधवारी सकाळी ती विज्ञानाच्या बाईंकडून थर्मामीटर मागून घेऊन आली. मधल्या सुट्टीत भिंत पुन्हा भरलेली होती. ताईने तिकडे बघितलंही नाही. तिने हौदाच्या अर्ध्या भागावरची जाळी सोडून बाजूला केली, तिथे गोणपाटाची आणखी एक घडी घातली, झारीने ती पूर्ण भिजवली आणि थर्मामीटर खाली चुऱ्यात खोचला. मग शेजारी उन्हात उकिडवी बसून राहिली.

भिंतीवर डब्यांची झाकणं वाजायची थांबली.

"काय करतेयस?" पैलवानाने विचारलं.

"मोजतेय."

"काय?"

"त्यांना खरंच जाळी लागते, की दुहेरी गोणपाट पुरतं."

पैलवान खाली उतरला, तिच्या शेजारी येऊन बसला आणि पाऱ्याकडे टक लावून पाहू लागला. मग वकील उतरली, कारण पैलवानाला आकडा नीट वाचता येणार नाही याची तिला खात्री होती. मग चाळणीवाले दोघे. मुंगी सगळ्यांत शेवटी उतरली, डब्याचं झाकण घट्ट लावून.

पारा थोडा वर सरकला आणि थांबला. सगळे श्वास रोखून बघत होते. तो तिथेच राहिला.

"ओलं गोणपाट सुकताना उष्णता घेऊन जातं," ताई म्हणाली. "दुहेरी ठेवलं आणि दोनदा पाणी मारलं, तर त्यांचं भागतं. जाळी मी उगाच लावून ठेवली होती." ती उठली आणि हात झटकले. "कोणी बांबू धरता का?"

जाळी मैदानावर आली. शिपाईमामांनी कुठूनसे दोन जादा बांबू आणून दिले आणि नळाकडून येताना पाण्याची एक बादलीही भरून आणली. "हे किड्यांसाठी नाही हं," त्यांनी बजावलं. सावली पडली तशी मुलं आपोआप तिच्यात सरकली, आणि तिथेच उभ्याउभ्या सगळं ठरलं. आधी डबा खायचा, मग काम. दोघादोघांनी आळीपाळीने चाळणी धरायची. बादलीशी साबण राहील. ज्याला नको वाटेल त्याने यायचं नाही, आणि त्याला कोणी चिडवायचं नाही.

"मला नको वाटतंय," पैलवान लगेच म्हणाला.

"बरं," ताई म्हणाली.

तो थोडा गोंधळला. "म्हणजे, उद्या येईन. परवापासून बघेन."

"असं केलं तर जिना भरायचा नाही," वकील हळूच म्हणाली. तिने मनात हिशेब केला होता. ताईनेही सकाळीच केला होता.

"माहितीये मला."

"ताई, अजून एक राहिलंय," मुंगी म्हणाली, पण घंटा झाली आणि ते राहूनच गेलं.

शुक्रवारी सकाळी ताईने पिशव्या मांडल्या. खालच्या पायरीपासून सुरुवात केली आणि जिन्याच्या वळणाशी पिशव्या संपल्या. वळणापुढच्या पायऱ्या स्वच्छ, रिकाम्या, जरा जास्तच लांब वाटत होत्या. तिने एकदोन पिशव्या उचलून मध्ये एकेक पायरी सोडून ठेवून पाहिलं. मग तिलाच ते बरं वाटेना. पिशव्या परत पहिल्यासारख्या ठेवल्या.

पाहुण्या शेवटच्या तासाला येणार होत्या. त्या मधल्या सुट्टीतच आल्या, पायांत सपाट चपला, खांद्याला कापडी पिशवी. आणि जिन्याकडे न जाता, आधी कोपरा दाखवा म्हणाल्या. मोठ्या बाई त्यांच्यासोबत लगबगीने मागे आल्या आणि जागीच थांबल्या. चाळणी भिंतीला टेकून उभी होती. जाळीखाली सातवीतली मुलं गोल करून बसली होती आणि डबा खात होती. त्यांच्यात शिपाईमामाही होते, आपलं स्टूल आणून, रुमालावर डबा उघडून. फक्त ताई उभी होती. ती उन्हात एकटीच पिशवीत खत भरत होती, आणखी एका पायरीची तरी सोय व्हावी म्हणून.

"हे काय? काम बंद?" मोठ्या बाईंनी विचारलं. "मामा, तुम्हीसुद्धा?"

मामा अर्धवट उठले. त्यांना नक्की उठावं की बसावं, कळेना.

"आमची जेवणाची वेळ आहे," वकील म्हणाली. "जेवण झालं की सुरू. बघायचं असेल तर थोडं थांबावं लागेल."

मोठ्या बाईंचा चेहरा बदलला. पण पाहुण्या पुढे झाल्या आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या.

"असं कोणी ठरवलं?"

"आम्ही. आणि ताईने," पैलवान म्हणाला. "आधी आम्ही भिंतीवर चढलो होतो."

"का?"

मग सगळे एकदम बोलायला लागले. गांडुळं कधी कडेला येतात, कधी चढतात, ओरडायचं का नाही, गोणपाट सुकताना उष्णता कुठे जाते. पाहुण्या मध्येच एकदा हसल्या, एकदा भिंतीकडे बघून आल्या. मोठ्या बाई कधी जाळीकडे, कधी पांढऱ्या रेघेकडे बघत होत्या. रेघ आता मुलांच्या मांड्यांखालून गेली होती आणि बऱ्याच ठिकाणी पुसली गेली होती.

"जिना भरला का?" त्यांनी ताईला विचारलं.

"अर्धा," ताई म्हणाली. "वळणापर्यंत." हातातली पिशवी तिने घट्ट धरली होती. कारण सांगायचं तिने ठरवलं होतं, पण सांगितलं नाही. कारण समोरच बसून जेवत होतं.

"आमचं एक सांगायचं राहिलंय," मुंगी म्हणाली. ती उठून उभी राहिली, पण त्याने फारसा फरक पडला नाही. "बुधवारी घंटा झाली म्हणून राहिलं. ताई कधीच डबा खात नाही. आम्हाला वेळ दिला, पण स्वतःला नाही दिला. तिला कोणीतरी सांगा. आमचं ती ऐकणार नाही."

ताईच्या हातातल्या पिशवीचं तोंड सैल झालं आणि थोडं खत बुटावर सांडलं.

"ऐक गं त्यांचं," विज्ञानाच्या बाई मागून म्हणाल्या. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या, ते कोणाला कळलं नव्हतं.

मुलांनी सरकून जागा केली. ताई बादलीपाशी गेली, साबण लावून नखांपर्यंत हात धुतले आणि येऊन बसली. पाहुण्याही तिच्या शेजारी, जमिनीवरच, मांडी घालून बसल्या आणि आपल्या कापडी पिशवीतून डबा काढला. विज्ञानाच्या बाईही सावलीत आल्या, मग मोठ्या बाई एकट्याच उन्हात राहिल्या.

"मामा," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या गाड्यांचं पुढच्या बाजूला बघा कुठे बसतंय का." एवढं बोलून त्या सावलीत दोन पावलं आत आल्या. मामांनी स्टूल रिकामं करून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि मामांना परत बसायला लावलं.

संध्याकाळी ताई दारातच वाट बघत बसली होती. आई गल्लीच्या तोंडाशी दिसली, तशी तिने बसल्या जागेवरून सांगायला सुरुवात केली. कोपरा राहिला, मोठ्या बाई उन्हात राहिल्या, मुंगी काय बोलली, पाहुण्यांच्या डब्यात काय होतं. आई घरात शिरेपर्यंत अर्धं सांगून झालं होतं. आईने चप्पल काढली आणि पिशवी नेहमीच्या खुंटीला अडकवली.

बोलता बोलताच ताईने पिशवीत हात घालून डबा काढला आणि थांबली. डबा हलका होता. तिने तो कानाशी नेऊन हलवला. आत चमचा खुळखुळला.

"सांडला का?"

"कशाला सांडेल? खाल्ला."

"कधी?"

"जेवायच्या वेळी." आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि पाय लांब केले. "आज स्टुलावरची पिशवी उचलून मी खाली ठेवली. अगदी नीट, भिंतीला टेकवून. पडणार नाही अशी."

ताई तिच्यासमोर बसली. "मग?"

"मग बसले."

"सुपरवायझरबाई काय म्हणाल्या?"

"बघत राहिल्या जरा वेळ. मला वाटलं, आता ओरडतात." आईने दोन्ही पाय घोट्यांपासून गोल फिरवले, आधी एकीकडे, मग दुसरीकडे. "पण नाही ओरडल्या. उद्या पट्ट्यावरची दुसरी बसणारे. आम्ही पाळ्या लावल्यात."

ताईने उठून दोन्ही डबे मोरीत नेले आणि नळ सोडला. आपला डबा तिने दुपारी शाळेतच धुतला होता. तरीही तिने तो परत एकदा धुतला, आईच्या डब्याबरोबर.